भिलाईचा मे महिना आणि तापलेला प्रोसेसर

भिलाईत मे महिन्यात पारा ४४ अंशांवर जातो, तेव्हा डेस्कटॉपचा पंखा घोंघावू लागतो, गेम अडखळतो. प्रोसेसर बिघडला असं लगेच समजू नका. इंटेलचे बरेच प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास पोचले की स्वतःच वेग कमी करतात. जीव वाचवण्याची ती सोय आहे.

प्रोसेसरची उष्णता हवेत सोडणारा हीटसिंक खोलीच्या हवेपेक्षा थंड होऊच शकत नाही. २५ अंशांच्या खोलीत ७० वर राहणारा प्रोसेसर ४२ अंशांच्या खोलीत तेच काम करताना ८७ च्या घरात जाणार. म्हणजे हिवाळ्यात खपून गेलेली हयगय उन्हाळ्यात उघडी पडते.

आधी धूळ पाहा. पंखा काढला की हीटसिंकच्या पात्यांवर राखाडी नमद्यासारखा थर दिसेल. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं.

मग थर्मल पेस्ट. प्रोसेसर आणि हीटसिंक यांचे धातूचे पृष्ठभाग वरून गुळगुळीत दिसले तरी मधल्या बारीक फटींत हवा अडकते, आणि तांब्याच्या तुलनेत हवा उष्णता हजारो पटींनी कमी वाहते. पेस्ट त्या फटी भरते. जुनी, वाळलेली पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नवी वाटाण्याएवढी पुरे. थापून लावणाऱ्यांचा उत्साह वाया जातो.

आणि खोलीतल्या पाण्याच्या कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर नको. खोली थंड होते हे खरं, पण उडालेल्या तुषारांतले क्षार मदरबोर्डवर बसतात.