अर्धं तिकीट, शून्य तिकीट

आमच्या सासूबाईंचं माहेर अकोट तालुक्यातलं. अमरावतीहून दर्यापूरमार्गे अकोट, तिथून पुढे दुसरी गाडी. पूर्वी वर्षातून चार-पाच चकरा व्हायच्या. येताना पिशवीत तुरीच्या शेंगा, अंबाडी, नाहीतर भावजयीने घातलेलं लोणचं असायचंच. मग हळूहळू ते जाणं कमी झालं. विचारलं तर म्हणायच्या, "गुडघे दुखतात. आन् आता कायले जावं? भाऊ नाही राहिला." आम्हालाही ते पटलं. वय झालं, असं आपण किती सहज म्हणून टाकतो नाही?

खरं कारण मला शेजारच्या आजींकडून कळलं. त्यांच्याजवळ सासूबाई एकदा बोलून गेल्या होत्या, "तिकिटाले माग, रिक्षाले माग. दर खेपेले पोराच्या तोंडाकडे पाहा लागते."

मैत्रिणींनो, माझे यजमान आईला कधी नाही म्हणणारे नाहीत. मागितले असते तर दुप्पट दिले असते. पण मागावं लागतं, तिथेच माणूस अडतं. आपल्यालाही लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात माहेरी जाण्यासाठी पैसे मागताना जीभ कशी जड व्हायची ते आठवून पाहा. म्हणून एसटीची सवलत म्हणजे नुसता पैशांचा हिशेब नव्हे, असं मला वाटतं. ती कुठे चालते आणि कुठे चालत नाही हे घरातल्या बाईला नीट माहीत असायला हवं.

तर ऐका. वयाची ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना एसटीने मोफत प्रवास देणारी 'अमृत ज्येष्ठ नागरिक योजना' २६ ऑगस्ट २०२२ पासून सुरू झाली. साधी लालपरी, निमआराम, शिवशाही, सगळ्या प्रकारच्या गाड्यांना ती लागू केली. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं तिकीट. पुढे १७ मार्च २०२३ पासून 'महिला सन्मान योजना' आली आणि आपल्या सगळ्या बायकांनाच अर्धं तिकीट झालं, वयाची अट नाही. त्यामुळे गंमत अशी की अकोल्याला माझी आई बासष्टाव्या वर्षी अर्ध्या तिकिटात जाते, आणि शेजारच्या सीटवर चौसष्ट वर्षांचे बाबा पूर्ण तिकीट काढतात. "तुझी आई माझ्याआधीच ज्येष्ठ झाली," असं ते कंडक्टरलाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणतात.

एक शंका हमखास निघते. सासूबाई सहासष्ट वर्षांच्या, म्हणजे बाई म्हणून अर्धं आणि ज्येष्ठ म्हणून अर्धं, मिळून फुकट का? तर नाही. सवलत एकच मिळते. शून्य तिकिटासाठी पंचाहत्तरी पूर्णच व्हावी लागते.

आणि फुकट असलं तरी तिकीट घ्यायचंच, बरं का! कंडक्टर शून्य रकमेचं तिकीट देतो, ते उतरेपर्यंत जपून ठेवायचं. मधेच तपासनीस चढला तर तोच पुरावा. आगाऊ जागा राखून ठेवायची असेल तर आरक्षणाचे थोडे पैसे मात्र पडतात. यात्रेच्या दिवसांत, दिवाळीत, लग्नसराईत ते खुशाल द्यावेत. म्हाताऱ्या माणसाला मूर्तिजापूरपर्यंत उभं राहायला लावून वाचवलेले पैसे काय कामाचे?

आता कुठे चालत नाही ते. आपल्या भागात हे समजून घेणं जास्त जरुरीचं, कारण आपण हद्दीजवळचे लोक. सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच. वरूडहून मुलताईला, परतवाड्याहून बैतूलला जाणारी एसटी असली तरी हद्दीच्या पुढचं भाडं पूर्ण द्यावं लागतं. लेक तिकडे दिली असेल तर सासूबाईंच्या हातात तेवढे सुटे पैसे देऊन ठेवा. शहरातल्या शहरात चालणाऱ्या सिटी बसला या एसटीच्या योजना लागू नाहीत, आणि खाजगी ट्रॅव्हल्सचा तर प्रश्नच नाही. म्हणजे अकोटहून अमरावतीच्या बसस्थानकापर्यंत आजी शून्य तिकिटात येतील, पण तिथून इर्विन दवाखान्यापर्यंतच्या ऑटोला पैसे लागतीलच. निघताना हा हिशेब आधी करायचा.

उलट राज्याच्या आत अंतराची भीती नको. शेगाव, मोझरी, बहिरमची यात्रा, थेट पंढरपूर, कुठेही जा. आषाढीच्या जादा गाड्यांनाही सवलती लागू ठेवल्या होत्या. एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्याने वाढतं, आणि २५ जानेवारी २०२५ पासून ते १४.९५ टक्क्यांनी वाढलंही. लांबच्या प्रवासात अर्ध्या तिकिटाची किंमत तेव्हा जास्तच कळते.

रेल्वेचं मात्र उलटं झालं आहे, आणि याची कितीतरी जणींना कल्पना नसते. पूर्वी रेल्वेत ६० वर्षांवरच्या पुरुषांना ४० टक्के आणि ५८ वर्षांवरच्या बायकांना ५० टक्के सवलत होती. कोरोनाच्या वेळी, २० मार्च २०२० पासून ती बंद झाली. बडनेऱ्याहून मुंबईची गाडी धरायची म्हणून आजोबा जुन्या हिशेबाने पैसे घेऊन जातात आणि खिडकीवर खजील होतात. खालचा बर्थ देताना मात्र ४५ वर्षांवरच्या बायकांचा आणि ६० वर्षांवरच्या पुरुषांचा विचार रेल्वे करते, जागा असेल तर. तिकीट काढताना वय बरोबर भरा. कर्करोगासारख्या काही आजारांच्या रुग्णांची आणि दिव्यांगांची सवलत तेव्हाही चालू राहिली. घरात तसा रुग्ण असेल तर डॉक्टरांकडून त्याचा ठराविक नमुन्यातला दाखला आधी घ्या.

मग आमच्या सासूबाई २०२३ मध्ये मोफत का जात नव्हत्या, असं तुम्ही विचाराल. इथे मला स्वतःचा गुन्हा कबूल करायला हवा.

माझं लग्न होऊन वर्षच झालं होतं. आमच्या वॉर्डात आधार कार्डाचं शिबिर लागलं. घरात बी.ए. झालेली सून मी, म्हणून सगळ्यांचे फॉर्म माझ्याकडे. सासूबाईंना जन्मसाल विचारलं, तर म्हणाल्या, "लिही अंदाजानं." मी थोरल्या नणंदेच्या वयावरून अंदाज केला आणि १९५५ लिहून मोकळी झाले. रोज मुलांच्या वह्यांत खाडाखोड काढणारी मी, त्या रकान्यात दोन मिनिटं थांबले नाही. त्या एका आकड्याने सासूबाईंची पंचाहत्तरी २०३० वर जाऊन पडली!

शेजारच्या आजी शून्य तिकिटात फिरत होत्या, त्या म्हणाल्या, "तुमच्या सासूबाई तर माझ्याहून मोठ्या. माझ्या लग्नात त्यांच्या कडेवर पोर होतं." तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मग त्यांची जुनी लोखंडी पेटी उघडली. लग्नातला शालू, सासऱ्यांचा चष्मा, आणि प्लॅस्टिकच्या पाकिटात निवडणुकीचं जुनं ओळखपत्र. त्यावर जन्मतारीख नव्हती, पण छापलं होतं : १-१-१९९५ रोजी वय ४६. मी पाटीवर मांडावं तशी वजाबाकी मांडली. जन्म १९४८ चा. म्हणजे पंचाहत्तरी झालेलीच!

योजना सुरू झाली तेव्हा वयाच्या पुराव्यासाठी आधारबरोबर मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पासपोर्ट, पॅन कार्ड अशी ओळखपत्रं चालतील असं सांगितलं होतं. २०२३ च्या दिवाळीनंतर सासूबाईंनी तेच जुनं कार्ड दाखवलं. कंडक्टरने बोटांवर हिशेब केला, हसला आणि शून्याचं तिकीट फाडून दिलं. मी बरोबर होते, मला माझं अर्धं काढावं लागलं.

तुमच्या घरात असा घोळ असेल तर सासूबाईंची सत्तरी यायच्या आतच कार्डं काढून एकमेकांशी ताडून पाहा. आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते आणि तिला कागद लागतो. तेव्हा अंदाजाने धावपळ करू नका, आधी पुरावा हातात घ्या. श्रावणबाळ योजनेच्या पगारालासुद्धा ६५ वर्षांची अट आहे, म्हणजे ही तारीख एसटीपुरतीच नाही. ज्येष्ठांसाठी एसटीच्या स्मार्ट कार्डाची मोहीम २०१९ मध्ये सुरू झाली आणि तिच्या मुदती वरचेवर वाढत गेल्या. म्हणून निघण्याआधी आपल्या आगारात, मग ते परतवाडा असो की तेल्हारा, कोणतं कार्ड चालतं ते एकदा विचारून घ्या. मूळ कार्ड छोट्या पाकिटात घालून पिशवीच्या आतल्या कप्प्यात टाचणीने अडकवा, आणि मागे चिठ्ठीवर घरचा फोन नंबर लिहून ठेवा.

सासूबाई शून्याची तिकिटं फेकत नाहीत. बटव्यात घडी करून ठेवतात. एकदा माझ्या मुलाने ती मोजली आणि हिशेब सांगितला, "आजी, सगळे मिळून शून्य!" तर त्यालाच रागावल्या.

परवा शाळेतून आले तो दाराला कुलूप. शेजारच्या आजींनी किल्ली आणि निरोप दिला, "शेगावले गेल्या. अकोल्याले गाडी बदलून जातो म्हणाल्या, सांच्याले येतात." सकाळी मला त्यातलं एक अक्षर बोलल्या नव्हत्या. मी पदर खोचून दोघींपुरती कणीक मळायला घेतली.