‘सर्व्हर डाऊन’ आणि भारविभाजनाविषयीच्या काही समजुती

जुलै महिन्याचा उत्तरार्ध लागला आणि वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा या वाशिम जिल्ह्यातील सहाही तालुक्यांत सोयाबीन-तुरीची पेरणी आटोपली, की शेतकऱ्यांची पावले सेवा केंद्रांकडे वळतात. कारण खरीप पीकविम्याचा अर्ज भरण्याची मुदत सामान्यतः ३१ जुलैस संपते, आणि सातबारा, आठ-अ, आधार, बँकेचे पासबुक व पेऱ्याचे स्वयंघोषणापत्र एवढे कागद गोळा होईपर्यंत महिना सरत आलेला असतो. (२०२३ च्या खरिपात ही मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवण्यात आली होती.) अशा गर्दीच्या दिवसांत केंद्रचालकाच्या तोंडून ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य ऐकून मानोऱ्याकडील एखाद्या आडगावाहून आलेला मनुष्य दिवसाची मजुरी बुडवून परत फिरतो, तेव्हा ‘मग आणखी सर्व्हर का लावीत नाहीत?’ हा त्याचा प्रश्न सर्वस्वी रास्त असतो. परंतु त्या प्रश्नाच्या पोटात अशा काही समजुती आहेत, ज्या यंत्रणा उभारणारेही पुष्कळदा बाळगून असतात.

एका संकेतस्थळामागे अनेक सर्व्हर उभे करून, आलेल्या विनंत्या त्यांच्यात वाटून देणारा लोड बॅलन्सर पुढे ठेवला, की एकाचे पाच केल्याने क्षमताही पाचपट होते, ही त्यांतील सर्वांत दृढ समजूत होय. वस्तुस्थिती अशी की, अर्जाचे पान दाखवणारे सर्व्हर कितीही वाढवले, तरी ते ज्यात नोंद करतात तो डेटाबेस बहुधा एकच राहतो. तहसील कचेरीत पाच खिडक्या उघडल्या, पण प्रत्येक नकलेसाठी अभिलेखागारातील एकाच कारकुनाकडे जावे लागत असेल, तर रांग खिडकीपुढून उठून अभिलेखागाराच्या दाराशी जाते, एवढाच काय तो फरक. पोस्टग्रेस या प्रचलित डेटाबेसमध्ये एका वेळच्या जोडण्यांची मर्यादा मुळात १०० ठेवलेली असते. प्रत्येकी ४० जोडण्या धरून बसणारे पाच सर्व्हर त्यावर सोडले, तर मागणी २०० वर जाते आणि तिसऱ्या सर्व्हरपासूनच नकार मिळू लागतात. म्हणून जोडण्यांचा हिशोब आधी करावा, गावांची व पिकांची यादी यांसारखी वारंवार वाचली जाणारी पण क्वचित बदलणारी माहिती सर्व्हरजवळच साठवून ठेवावी, आणि मगच सर्व्हरांची संख्या वाढवावी.

विनंत्या पाळीपाळीने एकेका सर्व्हरला देणारी ‘राउंड रॉबिन’ पद्धत भार समान वाटते, असेही मानले जाते. ती वाटणी संख्येची असते, श्रमाची नव्हे; नुसते पान दाखवणे आणि पावतीची पीडीएफ तयार करणे यांच्या श्रमांत मोठेच अंतर आहे. ज्याच्याकडे चालू विनंत्या सर्वांत कमी, त्याला पुढची द्यावी, ही रीत अधिक न्याय्य खरी. परंतु तिच्यात एक मोठा धोका दडलेला आहे, आणि या साऱ्या विषयात मला तोच सर्वांत विचारणीय वाटतो. डेटाबेसशी संबंध तुटलेला सर्व्हर प्रत्येक विनंतीस क्षणार्धात नकार देऊन मोकळा होतो, मोकळा दिसतो म्हणून त्याच्याकडेच अधिकाधिक लोक पाठवले जातात, आणि चार सर्व्हर धडधाकट असताना बहुसंख्य अर्जदार त्या एका निकामी सर्व्हरच्या वाट्याला येतात. एचएप्रॉक्सीसारख्या लोड बॅलन्सरमध्ये तपासणी सुरू केली, की तो मूळ मांडणीनुसार दर २ सेकंदांनी सर्व्हरची विचारपूस करतो, सलग ३ अपयशांनंतर त्याला बाद करतो आणि २ यशांनंतर पुन्हा रुजू करून घेतो. पण यंत्र चालू आहे एवढेच विचारले, तर उत्तरही तेवढेच मिळते, म्हणून तपासणीचे पान डेटाबेसपर्यंत जाऊन येणारे असावे. मात्र डेटाबेसच मंदावला तर पाचही सर्व्हर एकदम बाद ठरतील, तेव्हा सगळेच बाद ठरत असताना कोणालाही न काढण्याची तजवीजही सोबत हवी.

अर्ज अर्धा भरला असता मध्येच ‘पुन्हा लॉगिन करा’ असे का येते? अर्जदाराची ओळख एका सर्व्हरच्या स्मृतीत राहिलेली असते आणि पुढची विनंती दुसऱ्याकडे जाते. यावर अर्जदाराला त्याच्या आयपी पत्त्यानुसार एकाच सर्व्हरशी बांधून टाकण्याचा उपाय सुचवला जातो, तो आपल्याकडे विशेष घातक आहे. मोबाईल कंपन्या हजारो ग्राहकांना मोजक्याच सार्वजनिक आयपी पत्त्यांमागे ठेवतात. त्यात एनजिनएक्स या दुसऱ्या प्रचलित लोड बॅलन्सरमधील ही पद्धत जुन्या, चार भागांच्या पत्त्याचे पहिले तीनच भाग पाहते, त्यामुळे मोबाईलच्या जाळ्यावरून अर्ज भरणाऱ्या अनेक केंद्रांचा लोंढा एकाच सर्व्हरवर कोसळू शकतो. ओळखीची नोंद सर्व सर्व्हरांना वाचता येईल अशा सामायिक साठ्यात ठेवणे, आणि कोणत्याही सर्व्हरला कोणताही अर्ज पुढे नेता येईल अशी रचना करणे, हाच खरा मार्ग.

लोड बॅलन्सर स्वतः कधी पडत नाही, हेही खरे नाही; त्याची जोडी ठेवावी लागते, आणि पहिला थांबताच दुसऱ्याने तोच पत्ता धारण करावा असा बंदोबस्त करावा लागतो.

राहिली ‘दोन सर्व्हर आहेत, एक पडला तरी चालेल’ ही समजूत. दोन्ही ६० टक्के भाराने चालत असतील, तर उरलेल्यावर १२० टक्के भार येतो आणि तोही पडतो. किंबहुना १०० टक्क्यांची वाट पाहण्याचेही कारण नाही. रांगेच्या प्राथमिक गणितानुसार ५० टक्के भाराला एका विनंतीस जेवढा वेळ लागतो, त्याच्या पाचपट ९० टक्के भाराला लागतो. तेव्हा एप्रिल-मे महिन्यांत, पेरणीपूर्वी, जुलैअखेरच्या गर्दीएवढा कृत्रिम भार निर्माण करून एक सर्व्हर मुद्दाम काढून पाहावा. नव्या विनंत्या त्याच्याकडे पाठवणे थांबवून हातातील अर्ज त्याला पुरे करू द्यावेत, मग तो बंद करावा, आणि उरलेल्यांवर एका अर्जास किती सेकंद लागतात ते मोजून त्यावरून पुढील हंगामाची सर्व्हरसंख्या ठरवावी.