जुन्या जीपगाडीचे आवाज व तेलगळती

भात, नारळ, काजू व खताच्या गोणी वाहण्याच्या कामीं आमच्या इन्सुली-बांदा भागांत बैलगाडीची जागा जीपगाडीनें घेतली, त्यास आतां बराच काळ लोटला आहे. विलीस जीप १९४७ सालीं मुंबईंत जोडली जाऊं लागली. बोलेरो २००० सालीं आली. तथापि पुढें इंजिन, त्यामागें गिअरपेटी, तेथून लांब शाफ्ट व शेवटीं मागील आंसावर डिफरन्शियल, ही रचना दोहोंत मूलतः एकच आहे. म्हणून पुढील विवेचन अशा कोणत्याहि जुन्या गाडीस लागू पडेल.

आवाज कोठून येतो हें शोधण्यापूर्वीं तो केव्हां येतो हें पाहावें. पोलादी सांगाड्यांतून आवाज दूरवर जातो व कानास चकवितो; वेळ मात्र सहसा चकवीत नाहीं. गाडी उभी, इंजिन चालू व गिअर न्यूट्रलमध्यें असतां घरघर येत असेल आणि क्लचचें पेडल दाबतांच ती थांबत असेल, तर गिअरपेटींत शिरणाऱ्या शाफ्टचें बेअरिंग झिजलें आहे असें समजावें. उलट पेडल दाबल्यावरच आवाज सुरू झाला, तर दोष क्लचच्या रिलीज बेअरिंगचा. पेटी दोन्ही वेळां उतरवावी लागते. पण पहिल्या दोषांत ती उघडावीहि लागते, व खर्चांत पुष्कळ अंतर पडतें.

पुढची परीक्षा इन्सुलीचा घाट फुकट घेतो. सावंतवाडीकडे चढतांना मागून शीळ ऐकूं यावी व उतरतांना ॲक्सिलरेटरवरील पाय काढतांच ती बदलावी, तर क्राउन व पिनियन यांची जुळणी बिघडली आहे. चढावर व उतारावर सारखीच घरघर असेल तर बहुधा बेअरिंग. वळणावर ती वाढत-कमी होत असेल तर चाकाचें बेअरिंग पाहावें. गाडी हलतांना 'खट्' असा आवाज येणें हें बहुधा शाफ्टच्या सांध्यांतील क्रॉस झिजल्याचें लक्षण होय. ग्रीस आटल्यास हा क्रॉस आधीं चिमणीसारखा चिवचिवतो. तेव्हांच ग्रीस भरावें. हातानें हलवून खेळ जाणवल्यास मात्र तो बदलावाच.

गळतीसाठीं गाडीचें पोट धुऊन थोडें अंतर फिरवून आणावी व रात्रीं खालीं पुठ्ठा अंथरावा. न धुतां पाहिल्यास वाऱ्यानें मागें पसरलेलें तेल भलतीच जागा दाखवितें. काळें व पातळ तें बहुधा इंजिनाचें. दाट व गंधकासारख्या उग्र वासाचें तें गिअरचें. मागील चाकाची आंतील बाजू ओली दिसली, तर ती गाडी भरल्या ओझ्यानें घाटांत मुळींच नेऊं नये. तेल ब्रेकच्या अस्तरावर गेलेलें असण्याचा संभव असतो.

सील बदलण्यापूर्वीं ब्रीदर पाहावा, असें आम्ही आग्रहानें सांगतों. आमच्या जुन्या जीपचें पिनियनचें सील एका पावसाळ्यांत दोनदां बदललें, तरी गळती कायम. तिसऱ्या खेपेस आंसावरील ब्रीदरची टोपी काढली, तों ती तांबड्या मातीनें घट्ट बुजलेली! आंस तापला कीं आंतील हवा प्रसरण पावते. तिला वाट नसली तर ती चांगल्या सीलांतूनहि तेल बाहेर ढकलते. आणि असा तापलेला आंस ओहोळांत शिरला, कीं तो एकदम थंड होऊन पाणी आंत ओढतो. मग तेल ताकासारखें पांढुरकें होतें. तें त्याच दिवशीं बदलावें, नाहींतर बेअरिंगें गंजतात.

गिअरपेटी व डिफरन्शियल यांत एकच तेल घालण्याची चाल बरी नव्हे. डिफरन्शियलच्या कांहीं तेलांतील गंधकयुक्त द्रव्यें पेटींतील पितळी कड्यांस बाधतात. गाडीच्या पुस्तिकेंत सांगितलेलेंच तेल वापरावें. आणि तेल सोडण्यापूर्वीं भरण्याचा वरचा बूच सैल होतो कीं नाहीं तें आधीं पाहावें. खालचा काढून तेल सोडल्यावर वरचा गंजून बसलेला आढळला, तर गाडी जागची हलत नाहीं.