बेटावरची हजेरी

कामगारांचे हजेरीपट पाहण्यात आमचे निम्मे आयुष्य गेले. आले किती, गेले किती, उरले किती, हाच हिशेब. बेटांवरील पक्ष्यांचे शास्त्र वाचू लागलो तेव्हा तेही याच हिशेबावर उभे आहे असे दिसून आले.

मॅकआर्थर व विल्सन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९६७ साली ग्रंथरूपाने ते मांडले. बेटावर नव्या जाती येतात, जुन्या नष्ट होतात. भूमी जितकी दूर, तितके येणे कमी. बेट जितके लहान, तितके नष्ट होणे अधिक. कारण लहान बेटावर पाखरे मोजकीच. एक वादळ, एक रोग, की नाव कायमचे कटले!

मॉरिशसचेच पाहा. मादागास्करपासून सुमारे ९०० किलोमीटर दूर. वटवाघळांखेरीज तेथे सस्तन प्राणी नव्हता. शत्रूच नाही, म्हणून कबुतराच्या कुळातला डोडो उडणेही विसरला. १५९८ साली डच तेथे उतरले. पुढे जहाजांतून उंदीर, डुकरे, माकडे आली आणि शंभर वर्षांच्या आत डोडो संपला.

मग उसासाठी रान तुटले. एकोणिसाव्या शतकात त्या मळ्यांत राबायला आपल्या कोकणातलीही माणसे गेली. त्यांचे वंशज आज तेथे आहेत. फायदा मळेवाल्यांचा, घाम मजुरांचा. पाखरांना मात्र कोणी विचारलेच नाही.

तेथील छोटा ससाणा इतरत्र कोठेही नाही. रान गेले, त्यात भक्ष्यावाटे डी.डी.टी.चे विष अंगात भिनले. १९७४ साली रानात माहीत असलेले ससाणे उरले अवघे चार! १९७९ साली कार्ल जोन्स तेथे गेले. घरट्यातली पहिली अंडी काढून त्यांनी ती यंत्रात उबवली. मादी पुन्हा अंडी घालते, हे त्यांना ठाऊक होते. पिले वाढवून रानात सोडली, खाऊ पुरवला, घरट्यांसाठी पेट्या टांगल्या. आज ते ससाणे काही शेकड्यांत आहेत.

तरीही काळजी सरलेली नाही. पाखरे वाढली, रान तेवढे वाढले नाही. आणि शेतांनी, रस्त्यांनी वेढलेला आपल्याकडचा रानाचा तुकडा म्हणजे तरी काय? तेही बेटच.

चारच उरले म्हणून पट मिटवायचा नसतो, एवढेच आम्ही यातून शिकलो. मात्र चार उरेपर्यंत वाट पाहणे हे शहाणपण नव्हे.