जुना मिनी ट्रॅक्टर: साल नव्हे, तास मोजा

द्राक्षबागेतल्या मिनी ट्रॅक्टरची किंमत केवळ मॉडेलच्या सालावरून ठरवू नये. नाशिक-सांगलीच्या बागांत तो फवारणीचा ब्लोअर चालवतो. त्यामुळे टायर चांगले दिसले, तरी इंजिन आणि पीटीओ भरपूर राबलेले असू शकतात. म्हणून चाललेले तास महत्त्वाचे. मीटर बदललेला असू शकतो, हा आक्षेप रास्तच आहे. शिवाय यांत्रिक मीटर इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो, त्यामुळे कमी गतीत तास कमी नोंदवतो. यासाठीच मीटरचा आकडा क्लच पेडलची झीज, पीटीओ शाफ्टचा ढिलेपणा आणि हायड्रॉलिक भार धरून ठेवते का, यांच्याशी ताडून पाहावा. मग तशाच ट्रॅक्टरच्या चालू बाजारभावातून दुरुस्तीचा खर्च वजा करावा. आरसी बुकावरचा कर्जाचा बोजा उतरल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये.