नकार नेमका कुठे आला?

पाच-सहा ठिकाणी अर्ज केले, कुठूनच बोलावणे नाही, असे सांगणारी पदवीधर मुले-मुली अमरावतीजवळच्या वलगावात घरोघरी भेटतात. अर्जासोबतचा तोच कागद पुन्हा छापून नव्या जागी देण्याआधी आपण मागचे नकार तपासावेत. फोनच आला नसेल, तर चूक बहुधा कागदात किंवा कामाच्या निवडीत आहे. मुलाखतीला बोलावून मग नाही म्हटले असेल, तर कागद ठीक आहे. तयारी बोलण्याची हवी.

आधी संपर्क तपासा. अर्जावरचे सिम रिचार्जअभावी बंद पडलेले असते. ई-मेल नेट कॅफेवाल्याने काढून दिलेला असतो आणि पासवर्ड त्याच्याकडेच राहतो. मग बोलावणे येऊन गेले तरी आपल्याला पत्ता लागत नाही. ई-मेल स्वतःच्या मोबाइलवर काढावा आणि घरातल्या आणखी एकाचा नंबर द्यावा.

आता सीव्ही, म्हणजे आपले शिक्षण आणि काम सांगणारा कागद. झेरॉक्सच्या दुकानातला तयार नमुना टाळा. त्यात धर्म, जात, वैवाहिक स्थिती सगळे असते. आपल्याला काय येते तेवढे नसते. एक पान पुरे. वर नाव, गाव, फोन. खाली येणारी कामे, मग अनुभव, मग शिक्षण. टायपिंग येत असेल तर वेगही लिहावा.

सर्वांत जास्त घोळ होतो तो मधल्या वर्षांचा. पदवी 2020 ची आणि पुढची चार वर्षे कोरी. खरे तर त्या काळात पोलीस भरतीची, तलाठी परीक्षेची तयारी चालू होती आणि घरची शेतीही. हे लपवू नये. पण नुसते ‘घरची शेती’ लिहून भागत नाही. असे लिहावे: ‘तीन एकर संत्रा. फवारणीचे वेळापत्रक, मजुरांची हजेरी व मजुरीचा हिशेब, व्यापाऱ्याशी बागेचा सौदा.’ कृषी सेवा केंद्रात किंवा शेतकरी उत्पादक कंपनीत ही ओळ पदवीइतकीच वजनदार ठरते. नांदगाव पेठच्या एमआयडीसीतल्या कापड कारखान्यात अर्ज देताना मात्र हजेरी-हिशेब वर घ्यावा आणि पाळीत काम करायची तयारी असेल तर तसे लिहावे. प्रत्येक जागेसाठी कागद थोडा बदलावाच लागतो, आणि नेमका तिथेच बहुतेक जण कंटाळा करतात.

मुलाखतीत ‘स्वतःविषयी सांगा’ हा प्रश्न हमखास येतो. दोन मिनिटांचे उत्तर घरी मोठ्याने बोलून पाहावे. वऱ्हाडी वळणाची लाज नको. अडते ते उत्तर लांबल्याने.

जागा शोधायला राज्याच्या महास्वयंम संकेतस्थळावर मोफत नोंदणी होते. अमरावतीतल्या जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात रोजगार मेळाव्यांची चौकशी करावी. 2024 मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीला 6,000, आयटीआय-पदविकेला 8,000 आणि पदवीधरांना 10,000 रुपये मासिक विद्यावेतन ठरले होते. विद्यावेतन म्हणजे शिकताना मिळणारा मोबदला. नवी भरती चालू आहे का, ते केंद्रातच विचारा. असे प्रशिक्षण आधी झाले असेल, तर ते अनुभवात जरूर लिहा.

नोंदणी, गणवेश किंवा ‘सिक्युरिटी’च्या नावाखाली कोणी आधी पैसे मागितले, तर तिथून परत फिरावे. ऑनलाइन पैसे गेलेच असतील, तर वेळ न घालवता 1930 या सायबर मदत क्रमांकावर तक्रार करा.