सुनील छेत्री : एका आघाडीपटूची कारकीर्द आणि रिकामी राहिलेली जागा

शिलाँगच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर १९ मार्च २०२५ रोजी भारताने मालदीवचा ३-० असा पराभव केला. पहिला गोल मुंबईचा बचावपटू राहुल भेके याने केला, दुसरा गोव्याच्या लिस्टन कुलासो याने. तिसरा गोल ७७व्या मिनिटाला हेडरवर झाला. तो करणारा खेळाडू चाळीस वर्षांचा होता आणि नऊ महिन्यांपूर्वीच त्याने आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्ती स्वीकारली होती. सुनील छेत्रीचा तो भारतासाठीचा ९५वा गोल ठरला.

या विजयाचा आनंद मोठा होता, कारण नोव्हेंबर २०२३ नंतर भारतीय संघाने एकही सामना जिंकला नव्हता. २०२४ हे संपूर्ण वर्ष विजयाविना गेले. मात्र या आनंदासोबतच एक प्रश्नही पुढे आला. निवृत्त झालेल्या खेळाडूला परत बोलावण्याची वेळ संघावर का आली? या प्रश्नाचे उत्तर छेत्रीच्या वीस वर्षांच्या कारकीर्दीत शोधावे लागते.

सैनिकाच्या घरातून मैदानावर

छेत्रीचा जन्म ३ ऑगस्ट १९८४ रोजी सिकंदराबाद येथे झाला. वडील भारतीय सैन्यात होते, तर आई नेपाळच्या महिला संघाकडून फुटबॉल खेळलेली. वडिलांच्या बदल्यांमुळे बालपण निरनिराळ्या गावांत गेले. दिल्लीच्या सिटी क्लबकडून खेळत असताना कोलकात्याच्या मोहन बागानचे त्याच्याकडे लक्ष गेले आणि २००२ मध्ये, वयाची अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, तो या नामांकित क्लबमध्ये दाखल झाला.

तेथे त्या काळी आघाडीची सूत्रे ब्राझीलच्या जोझे रामिरेझ बारेटोकडे होती. भारतीय क्लबमध्ये मुख्य आघाडीपटू परदेशी असतो, हा धडा छेत्रीला कारकीर्दीच्या आरंभीच मिळाला. २००५ मध्ये त्याने पंजाबच्या जेसीटी संघाची वाट धरली. तेथे त्याला नियमित संधी लाभली आणि २००७ मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने त्याची वर्षातील सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवड केली.

राष्ट्रीय संघातील पदार्पण १२ जून २००५ रोजी पाकिस्तानातील क्वेट्टा येथे झाले. सामना १-१ असा बरोबरीत सुटला. भारताचा एकमेव गोल छेत्रीचा होता.

दिल्लीतील एक दुपार

छेत्रीच्या कारकीर्दीतील सर्वांत मोलाचा दिवस कोणता, यावर मतभेद होऊ शकतात. परिणामांचा विचार केला, तर १३ ऑगस्ट २००८ या तारखेला पर्याय नाही. त्या दिवशी दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर एएफसी चॅलेंज चषकाचा अंतिम सामना होता. भारताने ताजिकिस्तानला ४-१ असे नमवले. त्यांतील तीन गोल छेत्रीचे होते. या विजेतेपदामुळे भारताला २०११ च्या आशियाई चषक स्पर्धेत प्रवेश मिळाला. १९८४ नंतर, म्हणजे तब्बल २७ वर्षांनी भारत या स्पर्धेत उतरत होता.

दोहा येथे झालेल्या त्या स्पर्धेत भारताने तिन्ही सामने गमावले, पण बहारीन व दक्षिण कोरियाविरुद्ध छेत्रीने प्रत्येकी एक गोल केला. त्याच वर्षी बायचुंग भुतियाने निवृत्ती घेतली. १९९० च्या दशकात आय. एम. विजयन आणि नंतर भुतिया यांनी वाहिलेली गोलांची जबाबदारी आता पूर्णतः छेत्रीच्या खांद्यावर आली. लवकरच कर्णधारपदही त्याच्याकडे सोपवण्यात आले.

जेमतेम साडेपाच फुटांच्या या खेळाडूने हेडरवर इतके गोल कसे केले, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. त्याचे कारण उंचीत नसून वेळेच्या अचूक अंदाजात आहे. चेंडू कोठे पडणार हे बचावपटूच्या आधी ओळखणे, अर्धे पाऊल आधी निघणे आणि योग्य क्षणी उडी घेणे ही त्याची खासियत. ही जाण केवळ सरावातून येत नाही. गोलसमोरच्या गर्दीत शेकडो वेळा उभे राहिल्यानेच ती अंगी बाणते. भारतीय आघाडीपटूंची खरी अडचण नेमकी येथेच आहे.

परदेशाचे बंद दार

२००९ मध्ये इंग्लंडच्या क्वीन्स पार्क रेंजर्स या क्लबने छेत्रीला करारबद्ध करण्याची तयारी दर्शवली. परंतु ब्रिटनने त्याला कामाचा परवाना नाकारला. तेथील तत्कालीन नियमानुसार खेळाडूचा देश जागतिक क्रमवारीत पहिल्या सत्तरांत असणे अपेक्षित होते आणि भारत त्यापासून फार दूर होता. खेळाडूची गुणवत्ता नव्हे, तर देशाचे क्रमवारीतील स्थान निर्णायक ठरले.

पुढील वर्षी तो गोव्याच्या धेंपो क्लबमधून अमेरिकेच्या कॅन्सस सिटी विझार्ड्समध्ये गेला, मात्र लीगच्या एकाही सामन्यात त्याला मैदानात उतरता आले नाही. २०१२ मध्ये पोर्तुगालच्या स्पोर्टिंग क्लबच्या ‘ब’ संघातही मोजकेच सामने वाट्याला आले. तेथून परतल्यावर गोव्याच्याच चर्चिल ब्रदर्सकडून खेळताना त्याने आय-लीगचे विजेतेपद पटकावले. २०१३ मध्ये तो नव्याने स्थापन झालेल्या बंगळुरू एफसीमध्ये दाखल झाला आणि पहिल्याच हंगामात हा संघ आय-लीग विजेता ठरला. १४ गोलांसह छेत्री त्या हंगामात संयुक्तपणे सर्वाधिक गोल करणारा खेळाडू होता.

मुंबईतील आवाहन

जून २०१८ मध्ये मुंबईत अंधेरी येथे चार देशांची इंटरकॉन्टिनेन्टल चषक स्पर्धा झाली. पहिल्या सामन्यात छेत्रीने हॅटट्रिक साधली व भारताने चायनीज तैपेईवर ५-० असा विजय मिळवला. मात्र तो पाहण्यासाठी अडीच हजारांच्या आसपासच प्रेक्षक होते. दुसऱ्या दिवशी छेत्रीने एका चित्रफितीद्वारे लोकांना आवाहन केले. आमच्यावर टीका करा, हवे तर रागवा, पण मैदानावर या, असा त्याचा आशय होता. केनियाविरुद्धच्या पुढच्या सामन्याची सर्व तिकिटे संपली. तो छेत्रीचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता. त्याने दोन गोल केले आणि भर पावसात भारत ३-० असा जिंकला. अंतिम सामन्यातील दोन्ही गोलही त्याचेच होते. त्या दिवशी त्याची गोलसंख्या ६४ झाली व त्याने लिओनेल मेस्सीच्या तोपर्यंतच्या आंतरराष्ट्रीय गोलांशी बरोबरी केली.

ही तुलना सावधपणे करावी लागते. छेत्रीचे बहुसंख्य गोल आशियातील तुल्यबळ वा दुबळ्या संघांविरुद्ध झाले आहेत. तरीही जानेवारी २०१९ मध्ये आशियाई चषकात थायलंडविरुद्ध ४-१ असा विजय मिळाला, तेव्हा त्यातील दोन गोल त्याचेच होते, हेही नोंदवायला हवे. त्याच वर्षी त्याला पद्मश्री आणि २०२१ मध्ये खेलरत्न पुरस्काराने गौरवण्यात आले.

गोल कोण करणार?

६ जून २०२४ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर कुवेतविरुद्ध छेत्री आपला निरोपाचा सामना खेळला. तो गोलशून्य बरोबरीत सुटला. १५१ सामन्यांत ९४ गोल झाले होते. क्रिस्टियानो रोनाल्डो, अली दाई आणि मेस्सी या तिघांनीच त्याच्यापेक्षा अधिक आंतरराष्ट्रीय गोल केले होते. त्याच वर्षाच्या आरंभी कतारमध्ये झालेल्या आशियाई चषकात मात्र भारताला तीन सामन्यांत एकही गोल करता आला नव्हता. त्या वेळीही ३९ वर्षांचा छेत्रीच आघाडीवर होता.

या रिकाम्या जागेचे कारण क्लबच्या रचनेत आहे. प्रत्येक क्लबला ठरावीक परदेशी खेळाडू खेळवण्याची मुभा असते. इंडियन सुपर लीगमध्ये २०२१-२२ पासून एका वेळी चार परदेशी खेळाडू मैदानात उतरू शकतात. सामना जिंकून देणारी जागा गोल करणाऱ्याची असल्याने क्लब त्यांपैकी किमान एक जागा आघाडीसाठी राखतात. प्रशिक्षकाचे पद निकालांवर अवलंबून असते. तरुण भारतीय खेळाडूने संधी वाया घालवत शिकावे, इतका वेळ त्याच्यापाशी नसतो. परिणामी गोल करण्याची उपजत दृष्टी असलेला मुलगा बगलेवर पाठवला जातो किंवा राखीव खेळाडूंत बसतो.

आकडेही हेच सांगतात. २०१४ मध्ये सुरू झालेल्या या लीगच्या २०२४-२५ पर्यंतच्या अकरा हंगामांत सर्वाधिक गोलांचा मान एकदाही भारतीय खेळाडूला मिळाला नाही. खुद्द छेत्रीलाही व्हेनेझुएलाचा मिकू संघात असताना डावीकडून खेळावे लागले. त्याने ती जुळवणी साधली. २०२४-२५ च्या हंगामात, चाळिशीतही, १४ गोल करून तोच भारतीयांत अव्वल राहिला. त्याच्यासाठी ही अभिमानाची बाब आहे, देशातील फुटबॉलसाठी मात्र चिंतेची.

उपाय अगदीच अपरिचित नाहीत. २०१० मध्ये महासंघाने केवळ तरुण भारतीय खेळाडूंचा संघ आय-लीगमध्ये उतरवला होता. परदेशी आघाडीपटू नसल्याने मिझोरमच्या जेजे लालपेखलुआला त्या संघात नियमित संधी मिळाली आणि पुढे तो छेत्रीचा राष्ट्रीय संघातील जोडीदार झाला. गुडघ्याच्या दुखापतीने त्याची कारकीर्द आखूड झाली, पण संधी दिल्यास आघाडीपटू घडतो, हे त्यातून दिसले.

दुसरा निरोप

छेत्रीचे पुनरागमन २०२७ च्या आशियाई चषकाची पात्रता मिळवण्यासाठी होते. ते उद्दिष्ट साध्य झाले नाही. बांगलादेशविरुद्ध गोलशून्य बरोबरी आणि हाँगकाँगविरुद्ध ०-१ असा पराभव झाल्यानंतर १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मडगाव येथे सिंगापूरने भारताला २-१ असे हरवले आणि पात्रतेची आशा संपली. मालदीवविरुद्धच्या गोलनंतर या पात्रता सामन्यांत छेत्रीला गोल करता आला नाही. त्याच वर्षी इंडियन सुपर लीगचा नवा हंगामही व्यावसायिक करारांच्या तिढ्यामुळे वेळेवर सुरू होऊ शकला नाही आणि तरुण खेळाडूंचे सामने आणखी लांबणीवर पडले.

स्पर्धेतून बाहेर पडल्यानंतर छेत्रीने आंतरराष्ट्रीय फुटबॉलला दुसऱ्यांदा निरोप दिला. त्याचा ९५ गोलांचा विक्रम भारतात कोण व कधी मोडणार, हा प्रश्न तूर्त गौण आहे. क्लबच्या मैदानावर गोलसमोरची जागा एखाद्या वीस वर्षांच्या भारतीय मुलाला किती सामने मिळते, यावर पुढच्या आघाडीपटूचे घडणे अवलंबून राहील.